बायकांना हात लावायला बाई हवी

मी पोलिसात गेले ती माझ्या उंचीमुळे. आमच्या भाजे गावात माझ्या बरोबरीच्या पोरींची लग्नं होऊन त्यांच्या काखेला लेकरं आली, तरी मी घरातच. बघायला आलेल्या माणसांपुढे चहा घेऊन गेले की नवरामुलगा बसल्या जागेवरून मान वर करून बघायचा. मग पाहुणे आपसात काहीतरी कुजबुजायचे आणि सुपारी तोंडात टाकून उठायचे. माणसं वाईट नव्हती. त्यांना शेतात राबणारी सून हवी होती आणि तशी मी होते. पण आपल्यापेक्षा टीचभर उंच बायको घेऊन जत्रेत कोण फिरणार?

वडील रेल्वेत गँगमन होते. ऊन असो की पाऊस, रूळ बघत चालायचं हे त्यांचं काम. एक दिवस मळवली स्टेशनावर त्यांना कुणीतरी सांगितलं की पुण्याला पोलिसात बायकांची भरती आहे, सातवी पास झालेली आणि उंचीला बरी मुलगी पाहिजे. वडील घरी आले, पाय धुतले, जेवले आणि मग सहज बोलावं तसं त्यांनी ते आईला सांगितलं. आई त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली. पोरीचं लग्न जमेना म्हणून तिला चोरांच्या मागं पळायला लावणारा बाप अख्ख्या मावळात दुसरा नसेल, असं ती शेजारणींना सांगत सुटली.

विचारण्यासारखं विचारलं ते एकट्या मावशीनं. ती आईची थोरली बहीण. तिकोणा पेठेच्या पलीकडे, पवनेच्या काठावर तिचं सासर. लहानपणी दर आवणीला मी तिच्याकडे असायची. चिखलात उभं राहून भात लावायला तिनं मला शिकवलं होतं, आणि माझ्या उंचीबद्दल कधीही न बोललेली नात्यातली ती एकटीच बाई. भरतीचं ऐकून ती मुद्दाम चालत आली, ओसरीवर बसली आणि वडिलांना म्हणाली, "तितं बायामाणसाला जायची सोय हाये का? दिसभर हुबं ऱ्हायाचं तर ते आधी बगा."

वडिलांनी ते बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं.

पुण्याला आम्हा बायकांना पुरुषांसारखीच कवायत होती, फक्त साडीत. जाड खाकी साडी, वर कमरेला पट्टा, पायात मोजे आणि बूट. मी उभ्या जन्मात बूट घातले नव्हते. पहिले काही दिवस टाचा सोलून निघाल्या. शिकवणारा हवालदार आम्हाला शिव्या देऊ शकत नव्हता, म्हणून तो आभाळाकडे बघून बोलायचा. माझ्यासोबतच्या बहुतेकींचं घरी काहीतरी मोडलेलं होतं. कुणी विधवा, कुणी टाकलेली, एक घरातून पळून आलेली. मीच तेवढी नुसती उंच. आम्ही एकमेकींच्या साड्यांना पिना लावायचो आणि संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसायचो. तिथं मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

नेमणूक लोणावळ्याला झाली, घराजवळच, म्हणून वडील खूश होते. ठाण्यात मी एकटीच बाई. तिथले जमादार वयस्क होते, पानाचा डबा कायम सोबत असलेले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवलं आणि काम समजावून सांगितलं. चोरी, मारामारी, जुगार यांतलं काही माझ्याकडे येणार नव्हतं. ते म्हणाले, "बायकांना हात लावायला बाई हवी, म्हणून सरकारनं तुम्हाला घेतलंय. कायद्यानं आमचे हात बांधलेत. तेवढं तुम्ही करा, बाकी आम्ही बघतो."

त्यांनी ते वाईट मनानं सांगितलं नव्हतं आणि ते खोटंही नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं मी तेच केलं.

तेव्हा दारूबंदी होती. गावठी दारू गाडीनं इकडची तिकडे जायची आणि ती न्यायच्या बायका. सायकलच्या ट्यूबमध्ये भरून पोटाला गुंडाळायच्या, वरून लुगडं नेसायच्या. दुरून बघितलं तर बाई आठव्या महिन्यातली वाटावी. स्टेशनावर कुणाचा संशय आला की मला बोलावणं यायचं. मी त्या बाईला पार्सलच्या खोलीत न्यायची, दार लावायची आणि तिच्या पोटावर हात ठेवायची. ट्यूब असली तर हाताला थंड आणि गुळगुळीत लागायचं. आणि कधी कधी ट्यूब नसायचीच. हाताखाली गरम, ताणलेलं पोट असायचं आणि आतून लाथ बसायची. मग मी हात काढून घ्यायची, ती बाई माझ्याकडे बघत राहायची, आणि बाहेर येऊन मला सांगावं लागायचं की काही नाही, जाऊ द्या.

मुंबईहून पळून आलेल्या मुली असायच्या. लोणावळ्यापर्यंत पैसे पुरायचे आणि इथं पोरगा त्यांना सोडून पळायचा. त्यांचे आईबाप येईपर्यंत त्यांच्याजवळ बसायचं. दरीत कुणी बाई सापडली की पंचनाम्याला मी. खाली उतरायला वाट नसायची, धुकं असायचं, दगड शेवाळलेले. तिघे-चौघे पुरुष दोर धरून वर उभे राहायचे आणि मी येईपर्यंत तिचा पदरही कुणी सारखा करायचा नाही. माझ्या हातून पदर सारखा झाला की मग ते खाली उतरायचे. आधी मला रात्री जेवण जायचं नाही. नंतर जायला लागलं, त्याचंही मला काही वाटेनासं झालं.

मावशीनं विचारलेली सोय ठाण्यात नव्हती. मागच्या गल्लीत एक मुसलमान शिंपी राहायचा. पोलिसांचे कपडे तोच शिवायचा. त्याच्या बायकोनं मला एकदा भर पावसात आडोसा शोधताना बघितलं आणि काही न विचारता आपल्या परसातल्या संडासाचं दार दाखवलं. तेव्हापासून ते दार मला कायम उघडं होतं. मी तिला भाभी म्हणायची. लोणावळ्याच्या पावसात खाकी साडी वाळायची म्हणून नाही. आषाढ-श्रावणात मी ओल्याच साडीत उभी असायची आणि अंगाला कुबट वास यायचा. भाभी तिच्या नवऱ्याच्या इस्त्रीनं माझी दुसरी साडी शेकून ठेवायची. मी बदलून बाहेर पडले की ती मागून म्हणायची, "सकाळपासून काही खाल्लं का, बाई?" आणि मी उत्तर देईपर्यंत हातात भाकरी द्यायची.

अशी वर्षं गेली. लग्नाचं बोलणं बंद झालं. आईनंही जमवून घेतलं. माझ्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं. गावात मला 'पोलीसबाई' म्हणत. जी लहान पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळायची, तीच मोठी होऊन मला बघून विडी लपवू लागली.

पवनेवर धरण होणार हे आम्ही इतक्या वर्षांपासून ऐकत होतो की ते होईल असं कुणाला खरं वाटत नव्हतं. मग खरोखरच मातीचे डोंगर दिसू लागले, कामगारांच्या चाळी उठल्या, ट्रक धावू लागले. मावशीचं गाव पाण्यात जाणार होतं. लोकांना सांगून झालं, मोजण्या झाल्या, अंगठे झाले. काही घरं आधीच उठून वरच्या माळावर झोपड्या करून राहिली, काही पाहुण्यांकडे गेली. मावशीचा मुलगा देहूरोडला लष्कराच्या डेपोत मजूर होता. तो आईला न्यायला दोन-तीनदा जाऊन आला. घराची कौलं आणि वासे तरी उतरवू दे म्हणाला, तर मावशीनं त्याला शिडी लावू दिली नाही. मावशीचा नवरा त्याआधीच वारला होता. ती त्या घरात एकटी होती. मीही रजा काढून एकदा गेले होते. तिनं मला आंबेमोहोराचा भात आणि वालाचं कालवण वाढलं, आणि धरणाचा विषय काढला की ती उठून म्हशीकडे जायची.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला तसा वरून हुकूम आला. पावसाआधी उरलेली घरं खाली करायची, यंदा पाणी अडणार. बंदोबस्ताला आमच्या ठाण्याची माणसं घेतली आणि त्यांत मी, कारण मागं राहिलेल्यांत बहुतेक बायका होत्या. पुरुष कामाला जातो म्हणून निघून गेले होते आणि बायका दारात बसल्या होत्या. पुण्याहून आणखी एक बाई शिपाई दिली होती. नवीनच होती, बूट अजून करकरत होते तिचे.

कामशेतवरून आत वळेपर्यंत मला गाव कोणतं ते माहीत नव्हतं. जीपमध्ये फौजदारसाहेबांनी नाव घेतलं तेव्हा मी म्हणाले, "साहेब, तिथं माझी मावशी राहते."

ते तरुण होते, रात्री त्यांना झोप मिळालेली दिसत नव्हती. ते म्हणाले, "मग बरंच झालं. तुमचं ऐकतील."

नव्या शिपाईणीनं माझ्याकडे बघितलं. गाडीतून उतरल्यावर ती हळूच म्हणाली की मावशीच्या घरी तुम्ही नका जाऊ, मी जाते. मनानं चांगली होती पोरगी. मी तिला नको म्हणाले. कोण्या परक्या बाईचा हात मावशीला लागण्यापेक्षा माझा लागलेला बरा, एवढंच तेव्हा सुचलं. बरा की वाईट हे मला आजही सांगता येत नाही.

गाव ओळखू येत नव्हतं. ज्यांनी घरं सोडली त्यांनी छपरं उतरवून नेली होती, दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या. नुसत्या भिंती उभ्या. भिंतींत देवळ्या तशाच, त्यांतली काजळी तशीच. माणसांच्या घरात ऊन सरळ चुलीपर्यंत आलं होतं. मधूनच एखादं कौलारू घर शाबूत दिसायचं, त्याच्या दारात बाई बसलेली असायची.

आम्ही एकेका घरी गेलो. आधी तोंडानं सांगायचं, मग दंडाला धरायचं. काही जणी नुसता हात लागताच उठल्या, जणू त्याचीच वाट बघत होत्या. सरकारनं हात लावला, आता आपला इलाज नाही, असं त्यांना स्वतःला सांगता येत होतं. एक म्हातारी मात्र दाराच्या खांबाला मिठी मारून बसली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मी एक बोट सोडवून दुसऱ्याला हात घातला की पहिलं ती पुन्हा खांबाला लावायची. शेवटी नव्या शिपाईणीनं तिचा एक हात धरून ठेवला आणि मग ती सुटली. ट्रकपाशी नेईपर्यंत माझे दंड भरून आले होते. ऊन वाढत होतं. माळावरून उठून आलेले पुरुष लांब आंब्याखाली उभे राहून बघत होते. ते पुढं आले नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे पोलीस होते.

मावशीचं घर नदीकडच्या टोकाला होतं. अंगण नुकतंच सारवलेलं, शेणाचा ओला वास येत होता. ती आत चुलीपाशी बसली होती. मी उंबऱ्याशी गेले तसं तिनं माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघितलं.

"बूट काड," ती म्हणाली. "सारवलंय."

मी उंबऱ्यावर बसले आणि नाड्या सोडायला लागले. फौजदारसाहेब अंगणाच्या कडेला उभे होते. त्यांनी घड्याळात बघितलं आणि मग पाठ फिरवून नदीकडे तोंड करून उभे राहिले. त्या माणसानं दिवसभरात केलेलं ते एक चांगलं काम, असं मी मानते.

मी आत गेले. मावशीनं पाट दिला. चुलीवर गुळाचा कोरा चहा होता, तो तिनं कपात ओतून माझ्यापुढं ठेवला. म्हैस तिनं नणंदेकडे आधीच पाठवली होती, ते तिनं सांगितलं. आईच्या गुडघ्याचं विचारलं. मी उत्तरं देत होते आणि मला बाहेरच्या ट्रकचं इंजिन ऐकू येत होतं.

चहा संपल्यावर मी म्हणाले, "मावशे, चल. मी हात धरते. माज्यासंग चालत चल."

"चालनार न्हाई."

"सायब थांबल्याती. न्हाईतर दुसरी मानसं येत्याल."

"येऊ दे की. मी कुटं न्हाई म्हनते?" ती अगदी शांतपणे बोलत होती. "मी नांदायला आले तवा माज्या पायानं आले. जायचं तर माज्या पायानं जानार न्हाई. चालले तर उद्या लोक म्हनतील, म्हातारी आपल्या मनानं गेली. तू उचलून ने. तुजं कामच हाये त्ये."

मी तिला पुन्हा समजवायला गेले नाही. तिचं बोलणं मला पटलं होतं आणि समजवायची ताकदही उरली नव्हती. आवणीच्या दिवसांत झोप लागलेल्या पोराला उचलून घरात न्यावं तसा मी एक हात तिच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला. तिनं स्वतःहून माझ्या गळ्यात हात टाकला. वजन असं काही नव्हतंच. दारातून जाताना मला नेहमीसारखं वाकावं लागलं, आणि वाकले तेव्हा तिनं आपलं डोकं माझ्या खांद्यात घालून घेतलं, चौकट लागू नये म्हणून.

बूट उंबऱ्यावरच राहिले. मी अनवाणी तिला घेऊन त्या मोडक्या भिंतींमधून ट्रककडे चालले. पायांखाली फुटकी कौलं होती. आंब्याखालच्या माणसांतून कुणीतरी म्हणालं, "भाचीनंच नेली रं." आवाज मोठा नव्हता, पण सगळं इतकं गप्प होतं की आम्हा दोघींनाही ऐकू आलं. मावशीचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, तो एकसारखा चालू होता.

ट्रकमध्ये बाकीच्या बायकांनी सरकून तिला जागा दिली. तिला टेकवून मी मागं फिरणार तोच तिनं माझं मनगट धरलं.

"दाराला कडी लाव," ती म्हणाली. "कुत्री शिरत्याल."

मी परत गेले. चुलीतला विस्तव विझवला, दार ओढलं आणि कडी लावली. नव्या शिपाईणीनं माझे बूट हातात घेतले होते, ते तिनं मला दिले. ती रडत होती. मी तिला म्हणाले की तोंड धू, अजून दोन घरं राहिली आहेत.

मी भाज्याला पोचण्याआधी बातमी पोचली होती. मावळात अशी बातमी चालत नाही, धावते. आईनं मला पाणी दिलं आणि आत जाऊन बसली. वडील बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत होते, मग येऊन म्हणाले, "तुज्याच हातून व्हायचं होतं का?" तो प्रश्न होता की नुसतंच बोलणं, ते मला कळलं नाही. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण नातेवाइकांकडची बोलावणी थांबली. आत्याच्या मुलीचं लग्न झालं ते मला दुसऱ्यांकडून समजलं. मावशीच्या मुलानं तर निरोपच पाठवला की आमच्या दारात खाकी नको. मावशी त्याच्याकडे देहूरोडला गेली होती.

त्या पावसात धरणात पाणी अडलं. मी बघायला गेले नाही. लोणावळ्याला हवा खायला येणाऱ्यांची गर्दी नेहमीसारखीच होती. स्टेशनावर झडत्या होत्या, पळून आलेल्या मुली होत्या. एका मुलीला तिच्या बापाच्या ताब्यात देताना तिनं माझा हात सोडला नाही, आणि तिची बोटं सोडवताना मला तेवढ्यात खाली बसावंसं वाटलं. बसले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण त्यानंतर मला कामाचा असा शीण यायला लागला की सकाळी उठताच तो अंगात असायचा, जणू झोपेतही मी कुणाला तरी उचलत होते. मी राजीनाम्याचा विचार केला. भावाचं शिक्षण अर्धवट होतं. विचार तिथंच थांबायचा.

भाभीला मी सगळं सांगितलं होतं. दसरा झाला, पाऊस उघडला, तशी एक दिवस ती साडी इस्त्री करता करता म्हणाली, "तुम्ही जाऊन तर या. ती बोलावणार नाही, तुम्ही जाणार नाही. असं भिऊन किती दिवस काढणार?" मी म्हणाले, घरात घेतलं नाही तर? ती म्हणाली, "तर परत या. गाडी असतेच की."

सुट्टीच्या दिवशी साधं लुगडं नेसून मी देहूरोडला उतरले. डेपोच्या मागच्या अंगाला एक चाळ होती, तिथल्या एका खोलीत मावशीचा मुलगा, सून आणि मावशी. मुलगा कामावर गेला होता, सून माहेरी. मावशी दाराशी बसून मेथी निवडत होती. तिनं मला बघितलं आणि सरकून जागा केली, जणू मी काल येऊन गेले होते.

आम्ही मेथी निवडली. तिनं चाळीचं सगळं सांगितलं. पाणी नळाला येतं पण सकाळी भांडण होतं. शेजारची बाई मद्रासकडची आहे, तिचं बोलणं कळत नाही पण ती डोसा पाठवते. सारवायला जमीनच नाही, सगळी फरशी, त्यामुळे सकाळी उठून करायचं काय ते सुचत नाही. गावाचं ती काही बोलली नाही. मी बोलायचं ठरवून आले होते. गाडीत सगळं जुळवलं होतं. पण मी मेथीच निवडत राहिले.

मेथी संपली, देठं तिनं गोळा केली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्या दिशी किती जनींना उचललंस गं?"

"पाच-सहा असतील."

"समद्या तू एकलीनंच?"

"बहुतेक. ती दुसरी पोरगी नवी होती."

मावशीनं देठांचा ढीग बाजूला सारला. "मंग दमली असशील," ती म्हणाली. "पड जरा."

तिनं चटई अंथरली आणि उशाला गोधडीची घडी दिली. मी नको म्हणणार होते. पण आडवी झाले, आणि पुढचं मला आठवत नाही. इतक्या वर्षांत मी तशी झोपले नव्हते. ऊन उतरल्यावर जाग आली तेव्हा खोलीत मावशी नव्हती. उठून बघितलं तर ती बाहेर पायरीवर बसली होती आणि शेजारी तिचा मुलगा, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन. तो कधीच कामावरून आला होता. त्याला तिनं आत येऊ दिलं नव्हतं, आवाज होईल म्हणून.

तो उठला. त्यानं डबा पायरीवर ठेवला. मग तो म्हणाला, "च्या घेऊन जा."

चहा त्यानंच केला. स्टेशनपर्यंत सोडायलाही आला. गाडीला उशीर होता, म्हणून बाकावर बसलो, तेव्हा त्यानं दिवाळीला सुट्टी मिळते का ते विचारलं. मी म्हणाले, दिवाळीला बंदोबस्त असतो, सगळी मुंबई तिकडं लोटते. तो म्हणाला, डेपो बंद असतो, मग आईला घेऊन आम्हीच येतो.

त्या दिवाळीला ते आले नाहीत. पुढच्या वर्षी आले. निरोप न देता आल्यामुळे मी ड्यूटीवर होते आणि त्यांना ठाण्याबाहेर उभं बघून भाभी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. मला दिवस मावळेपर्यंत सुटता आलं नाही. पाय इतके सुजले होते की गल्लीतलं अंतर संपता संपेना. मी पोचले तेव्हा मावशीचा मुलगा शिंप्यासोबत बाहेर विडी ओढत होता. आत मावशी आणि भाभी तांदळाचं सूप मधे घेऊन बसल्या होत्या. हा आंबेमोहोर नाही, दुकानदारानं तुला फसवलं, असं मावशी ठासून सांगत होती आणि भाभी ते मान्य करायला तयार नव्हती. माझ्याकडे दोघींनीही बघितलं नाही. मी दाराशी टेकले आणि त्यांचं ऐकत बसले.